एका फोल्डरमधल्या सगळ्या जेएस फाइली नोडमध्ये एकदम कशा घ्यायच्या? घरी चालतं, केंद्रावर चालत नाही

काट्यावरची_दिग्रस

नमस्कार. मी दिग्रस तालुक्यात एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या खरेदी केंद्रावर काम करते. काट्याच्या पावतीचा प्रोग्राम मीच लिहिला आहे, नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं) आणि एक्सप्रेसवर (नोडवर वेब सर्व्हर करायचं पॅकेज). फोनवर मराठी कीबोर्डच आहे, म्हणून इथे फंक्शनांची नावंही देवनागरीत लिहिते.

काम असं आहे. शेतकऱ्याचा माल काट्यावर येतो, भरल्या पोत्यांचं वजन होतं, त्यातून बारदाना, म्हणजे रिकाम्या पोत्यांचं वजन, जातो, ओलावा जातो, काडीकचरा जातो, हमाली लागते आणि शेवटी रक्कम येते. यातली प्रत्येक कपात मी वेगळ्या फाइलीत ठेवली आहे. फोल्डरचं नाव कपात. प्रत्येक फाइल मॉड्यूल डॉट एक्सपोर्ट्समधून एकच फंक्शन देते. पावतीचं ऑब्जेक्ट आत जातं, कपात होऊन बाहेर येतं. ही रचना मला सोयीची पडते. हमालीचा दर बदलला की ती एक छोटी फाइल उघडायची, बाकी कशाला हात लावायचा नाही.

अडचण मुख्य सर्व्हर फाइलीत आहे. तिथे वरती रिक्वायरच्या, म्हणजे दुसरी फाइल आत घ्यायच्या, ओळींची रांग लागली आहे. सुरुवातीला चार होत्या. आता सोयाबीन, तूर, हरभरा यांच्या कपाती आणि रूट्स (कोणत्या वेब पत्त्यावर काय करायचं ते सांगणाऱ्या फाइली) धरून २३ झाल्या. मार्चमध्ये हरभऱ्याच्या चाळणीच्या कपातीची फाइल लिहिली, तपासली, आणि वर तिची ओळ जोडायचीच राहून गेली. दोन दिवस पावत्या चाळणीविना निघाल्या, फरक कंपनीच्या अंगावर आला. नोडने कुठे काही दाखवलं नाही. त्याला ती फाइल आहे हेच माहीत नव्हतं. अध्यक्षकाका मला काही बोलले नाहीत, पण त्या रात्री मला झोप आली नाही.

म्हणून आता ठरवलं, फोल्डर वाचून जे असेल ते सगळं आपोआप घ्यायचं. एफएस डॉट रीडडिरसिंकला, म्हणजे फोल्डरमधली नावं देणाऱ्या फंक्शनला, डॉट-स्लॅश-कपात दिलं, आलेल्या प्रत्येक नावाला रिक्वायर केलं आणि फंक्शनं एका ॲरेत, म्हणजे यादीत, भरली. घरच्या लॅपटॉपवर विंडोज आहे, तिथे पहिल्या फटक्यात चाललं.

केंद्रावर जुना डेस्कटॉप आहे, त्यावर उबंटू. आमच्याकडे दिवसातून तीन-चारदा लाइन जाते, म्हणून लाइन आली की प्रोग्राम आपला आपण सुरू व्हावा अशी सिस्टमडीची (उबंटूवर प्रोग्राम आपोआप सुरू करणारी व्यवस्था) सर्व्हिस करून ठेवली आहे. काल दुपारी लाइन आली, मशीन सुरू झालं, पण पावती निघेना. लॉगमध्ये पाहिलं तर ईएनओईएनटी, अशी फाइल किंवा फोल्डर नाही, स्कॅनडिर डॉट-स्लॅश-कपात. फोल्डर तर समोर दिसून राहिलं होतं! बाहेर सोयाबीनचे सात ट्रॅक्टर उभे. शेवटी टर्मिनल उघडून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये गेले आणि हाताने नोड सर्व्हर डॉट जेएस दिलं, तर चाललं.

काहून असं? रिक्वायरलाही मी डॉट-स्लॅशच देत होते, ते या सर्व्हिसमधून इतके महिने चाललं. आणि दुसरं, अख्खं फोल्डर असं उचलणं बरोबर आहे का?

वर्धाकाठ

ताई, डॉट-स्लॅश दोन्हीकडे दिसतो सारखा, पण मोजणी वेगळ्या जागेवरून होते.

रिक्वायर मोजतो ती ओळ ज्या फाइलीत लिहिली आहे तिथून. प्रोग्राम कुठूनही सुरू करा, त्याला फरक पडत नाही. एफएसची सगळी फंक्शनं मात्र प्रोसेस ज्या फोल्डरात उभी आहे तिथून मोजतात. ती जागा प्रोसेस डॉट सीडब्ल्यूडी विचारलं की कळते. तुम्ही हाताने सुरू केलं तेव्हा प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये उभ्या होत्या, म्हणून सापडलं. सिस्टमडीच्या सर्व्हिसला वर्किंग डिरेक्टरी लिहून दिली नसेल तर ती थेट मुळाशी, म्हणजे नुसत्या स्लॅशवर सुरू होते. तिथे कपात नावाचं फोल्डर कुठून येणार.

सर्व्हिसच्या फाइलीत वर्किंग डिरेक्टरीची ओळ टाकली तरी चालेल, पण मग उद्या कोणी तिसऱ्या पद्धतीने सुरू केलं की पुन्हा तेच. पक्का उपाय कोडमध्ये करा. पत्त्याचे तुकडे जोडणाऱ्या पाथ डॉट जॉइनला पहिलं डबल-अंडरस्कोर-डिरनेम द्या आणि दुसरं कपात. डिरनेम म्हणजे ती फाइल डिस्कवर जिथे आहे ते फोल्डर, पूर्ण पत्त्यासह. तोच पत्ता रीडडिरसिंकला द्या. आणि रीडडिर फक्त नावं देतो, पत्ता देत नाही, म्हणून रिक्वायर करतानाही प्रत्येक नाव त्याच पत्त्याला जॉइन करून द्यायचं. हे पुष्कळांचं राहून जातं.

नावं आली की गाळणी लावा. पाथ डॉट एक्स्टनेम, म्हणजे नावाचा शेवट, बरोबर डॉट जेएस असेल तेवढीच घ्या. डॉटने सुरू होणारी नावं सोडा. मॅकवरून पेन ड्राइव्हने फाइली आल्या तर पुष्कळदा फाइलीबरोबर डॉट-अंडरस्कोरने सुरू होणारी एक जोडफाइल येते, तिच्याही शेवटी डॉट जेएस असतं आणि आत कोड नसतो. ती रिक्वायर झाली की सिंटॅक्स एरर. टेस्टच्या फाइली त्याच फोल्डरात ठेवत असाल तर त्याही वगळा. आणि हा लोडर कपातच्या आतच इंडेक्स डॉट जेएस म्हणून ठेवणार असाल तर तो स्वतःलाच घेणार नाही हे पाहा. घेतलं तरी नोड फिरत राहत नाही, कॅशमधलं, म्हणजे आधी घेऊन जपून ठेवलेलं, अर्धवट भरलेलं एक्सपोर्ट हातात ठेवतो. तुम्ही फंक्शन समजून त्याला हाक मारता आणि प्रोग्राम भलत्याच जागी पडतो. शोधायला वेळ जातो.

सिंक फंक्शन, म्हणजे वाचून होईपर्यंत बाकी सगळं थांबवणारं, वापरलं म्हणून कोणी नावं ठेवतील, तिकडे लक्ष देऊ नका. सर्व्हर अजून कोणाचं काम घेतच नाही, सुरू होता होता एकदा वाचणं ठीक आहे. रूटच्या आत मात्र असं वाचू नका. आणि हे वाचन सुरू होतानाच होतं, तेव्हा नवी फाइल टाकली की सर्व्हिस रिस्टार्ट करावी लागेल. जुनी फाइल बदलली तरीही, कारण एकदा घेतलेलं मॉड्यूल नोड पुन्हा वाचत नाही.

दूधकाटा_आर्वी

मी वेगळं सांगतो. रूट्स वाटल्यास फोल्डरमधून घ्या, पण पैशाचा हिशोब करणाऱ्या फाइली अशा उचलू नका.

आमच्या गावच्या दूध संकलनाचा प्रोग्राम मी केला, त्यात हेच केलं होतं. नियम नावाचं फोल्डर, जे आत असेल ते लागू. एका पहाटे फॅटच्या कपातीत बदल करायचा होता. जुनी फाइल हाताशी असावी म्हणून तिथेच कॉपी-पेस्ट केली. विंडोजने नाव दिलं मूळ नाव, डॅश, कॉपी, डॉट जेएस. माझ्या गाळणीतून ती आरामात गेली, शेवट डॉट जेएसच होता ना. तीन दिवस प्रत्येकाच्या दुधाला फॅटची कपात दोनदा लागली. पावतीवर एकूण कपातच छापत होतो, म्हणून लगेच कोणाच्या ध्यानात आलं नाही. चौथ्या दिवशी एक आजी वही घेऊन आल्या. त्यांची नात रोजचा हिशोब लिहून ठेवते. त्यानंतर मी घरोघरी जाऊन फरक दिला. एकानेही मला वाईट म्हटलं नाही, पण पुढचा महिनाभर प्रत्येक जण पावती दोनदा वाचून मगच खिशात घालत होता, आणि ते मी काउंटरवरून पाहत होतो.

कोणती कपात लागू आहे हे कोणाला तरी एका जागी वाचता आलं पाहिजे. २३ ओळी फार नाहीत ताई. त्या ओळी वाचून तुमच्या जागी उद्या येणाऱ्या माणसाला कळेल की पावतीत काय काय होतं. एडिटरमध्ये नावावर क्लिक केलं की थेट फाइल उघडते, तेही फोल्डर उचलण्यात जातं.

अजून एक. त्या फोल्डरात लिहायचा अधिकार कोणाला आहे ते पाहा. ज्या फोल्डरातलं सगळं आपोआप चालतं, त्यात जो फाइल टाकेल त्याचा कोड तुमच्या सर्व्हरवर चालेल. सातबारा किंवा पासबुकाचे फोटो अपलोड होत असतील तर ते फोल्डर याच्या आसपासही नको.

पुसद_बीएस्सी

आम्हाला कॉलेजमध्ये रिक्वायर शिकवलंच नाही, सगळं इम्पोर्टने. माझ्या प्रोजेक्टमध्ये पॅकेज डॉट जेसनमध्ये टाइप मॉड्यूल आहे. तिथे डिरनेम लिहिलं की नोड म्हणतो असं काही नाही. मग फोल्डर कसं घ्यायचं?

वर्धाकाठ

भाऊ, ईएस मॉड्यूलमध्ये, म्हणजे तुझ्या इम्पोर्टवाल्या पद्धतीत, डिरनेमही नाही आणि रिक्वायरही नाही. नोड २०.११ किंवा पुढचं असेल तर इम्पोर्ट डॉट मेटा डॉट डिरनेम वापर, तेच काम करतं. फाइल घ्यायला कंसवालं इम्पोर्ट, म्हणजे फंक्शनसारखं. ते प्रॉमिस देतं, म्हणजे फाइल नंतर हाती येते, तेव्हा वाट पाहायला अवेट लागेल. फाइलीच्या सगळ्यात वरच्या पातळीवर अवेट लिहिता येतं, त्यामुळे सर्व्हर लिसन करायच्या आधी सगळं येऊन बसेल. एक्सपोर्ट डिफॉल्ट केलं असेल तर आलेल्या ऑब्जेक्टच्या डिफॉल्टमध्ये फंक्शन सापडेल.

विंडोजवर एक ठेच हमखास लागते. सी कोलनने सुरू होणारा पूर्ण पत्ता इम्पोर्टला दिला तर तो सी-ला प्रोटोकॉल समजतो आणि नाकारतो. यूआरएल मॉड्यूलमधलं पाथ-टू-फाइल-यूआरएल लावून मग दे.

काट्यावरची_दिग्रस

वर्धाकाठ दादा, डिरनेम लावलं आणि सर्व्हिस लाइन आल्या आल्या सुरू झाली. परवा आणि काल दोन दिवस नीट चाललं असं मला वाटत होतं.

काल संध्याकाळी एक काका परत आले. सकाळी २० पोती सोयाबीन घातलं होतं त्यांनी. पावती टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "पोत्याचाबी ओलावा कापून राह्यली का वो पोरी?"

मला समजलंच नाही. त्यांनी माझ्या हातातला पेन घेतला आणि पावतीच्या मागे लिहिलं. भरलेलं वजन १,०२० किलो. ज्यूटचं पोतं ६०० ग्रॅमचं धरतो, २० पोत्यांचे १२ किलो. राहिले १,००८. ओलावा १४ टक्के आला होता. आमच्याकडे १२ टक्क्यांपर्यंत कपात नाही, वरच्या प्रत्येक टक्क्याला वजनात एक टक्का, म्हणजे दोन टक्के. ते जाऊन ९८७ किलो ८४० ग्रॅम. माझ्या पावतीवर होते ९८७ किलो ६०० ग्रॅम. कारण मशीनने आधी १,०२० वर ओलावा कापला आणि मग पोती वजा केली. १२ किलो रिकाम्या पोत्यांवरही दोन टक्के लागले. २४० ग्रॅम. ४,५०० रुपये क्विंटलने १० रुपये ८० पैसे.

काका सातवी शिकलेले आहेत. बसस्टँडवर बसून त्यांनी हे तोंडी केलं होतं.

रात्री घरी लॅपटॉपवर तीच पावती काढली तर बरोबर आली, ९८७.८४०. कोड एकच, नोड दोन्हीकडे २०. लॅपटॉपवर बारदाना आधी, उबंटूवर ओलावा आधी. ॲरे छापून पाहिली तेव्हा कळलं. नावं आहेत बारदाना, हमाली, काडीकचरा आणि ओलावा, इंग्रजी अक्षरांत. बीपासून ओपर्यंत वर्णानुक्रमाने बारदानाच पहिला यायला पाहिजे. मग उबंटूवर ओलावा वर कसा चढला? दूधकाटा दादा, तुमचं म्हणणं मला आता फार पटून राहिलं, पण कारण कळल्याशिवाय मला पुढे जायचं नाही.

वर्धाकाठ

ओलावाच्या फाइलीतला पहिला ओ कॅपिटल आहे का?

काट्यावरची_दिग्रस

हो. फक्त तिचाच. ती सगळ्यात पहिली लिहिली होती, तेव्हा मी नावं तशी लिहीत होते.

वर्धाकाठ

मग तेच. विंडोजच्या डिस्कवर नावं लहान-मोठं अक्षर न पाहता लागतात, म्हणून तिथे ओ आपल्या जागी, शेवटी. लिनक्सवर तुम्हाला जी रांग मिळाली ती अक्षरांच्या संकेतांकाने, म्हणजे कंप्यूटरने प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकाने, लागलेली आहे, आणि त्यात सगळी कॅपिटल अक्षरं सगळ्या लहान अक्षरांच्या आधी येतात. कॅपिटल ओ लहान बीच्याही आधी. बाकीची नावं लहान, म्हणून ओलावा थेट डोक्यावर जाऊन बसला.

मुळात रीडडिर कोणत्या क्रमाने नावं देईल याचं वचन नोडच्या डॉक्युमेंटेशनमध्ये दिलेलंच नाही. जो क्रम मिळतो तो त्या त्या यंत्रणेच्या सवयीचा. आणि माझीही चूक आहे, गाळणी सांगितली आणि क्रमाचं बोललो नाही. तुमच्या कपाती एकापाठोपाठ एकाच वजनावर चालतात हे तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं होतं.

नुसतं सॉर्ट लावून हे सुटणार नाही. जावास्क्रिप्टचं साधं सॉर्टही संकेतांकानेच लावतं, कॅपिटल आधी. फार तर दोन्ही मशीनवर सारखंच चूक येईल. काही लोक नावापुढे आकडे लावतात. तिथेही आकडा अक्षरांसारखा वाचला जातो, १० हा २ च्या आधी येतो, म्हणून ०१०, ०२०, ०३० असे लावावे लागतात. त्यापेक्षा क्रम हा तुमच्या व्यवहाराचा नियम आहे, तो कोडमध्ये लिहूनच ठेवा.

दूधकाटा_आर्वी

आणि त्या काकांना चहा पाजा माझ्याकडून.

काट्यावरची_दिग्रस

पाजला. आता काय केलं ते लिहिते, म्हणजे कोणाला पुढे लागलं तर इथे मिळेल.

रूट्सचं फोल्डर तसंच आपोआप घेते. तिथे प्रत्येक फाइल आपापल्या वेगळ्या पत्त्यावर बसते, सोयाबीन, तूर, हरभरा, त्यामुळे कोण आधी आला याने काही बिघडत नाही.

कपातीसाठी क्रम डॉट जेएस अशी एक फाइल केली. तिच्यात फक्त नावांची ॲरे आहे, वरून खाली ज्या क्रमाने कापायचं त्या क्रमाने, आणि प्रत्येक ओळीसमोर मराठीत कॉमेंट. बारदाना आधी, कारण पोत्याचा ओलावा कापायचा नसतो. रिक्वायर या यादीवरूनच होतं.

पण मार्चचं दुखणं अजून होतंच, फाइल लिहायची आणि यादीत टाकायचं विसरायचं. म्हणून रीडडिर काढून टाकला नाही, त्याला तपासणीला बसवलं. सर्व्हर सुरू होताना तो कपात फोल्डर वाचतो आणि यादीशी ताडून पाहतो. फोल्डरात आहे पण यादीत नाही, किंवा यादीत आहे पण फोल्डरात नाही, असं एकही नाव निघालं तर त्या नावासकट एरर फेकतो आणि सर्व्हर सुरूच होत नाही. कॉपी नावाची फाइल राहिली तरी इथेच अडकेल. ट्रॅक्टर दहा मिनिटं थांबलेला परवडतो, चुकीची पावती गावात गेलेली नाही.

पावतीवर आता प्रत्येक कपातीनंतरचं वजन वेगळ्या ओळीत छापते. कागद दीड इंच जास्त लागतो. अध्यक्षकाकांना विचारलं, ते म्हणाले लागू दे.

त्या दोन दिवसांच्या ३७ पावत्या पुन्हा काढल्या. सगळ्यांचा मिळून फरक ३१२ रुपये निघाला, सगळा शेतकऱ्यांच्या बाजूचा. यादी करून केंद्राच्या दारावर लावली आहे, येतील तसे घेऊन जात आहेत.

एक अडलं आहे. लॅपटॉपवर ओलावाचं नाव लहान अक्षराने केलं, गिटने, म्हणजे कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रोग्रामने, पुश केलं (वर पाठवलं), केंद्रावर पुल केलं (खाली घेतलं), तरी उबंटूवर फाइल कॅपिटल ओचीच. तपासणीने लगेच पकडलं आणि सर्व्हर अडवला, त्यामुळे नुकसान काही नाही. पण नाव बदलत काहून नाही?

वर्धाकाठ

विंडोजवर गिट नुसता लहान-मोठ्या अक्षराचा बदल हा बदल म्हणून धरत नाही, त्याच्या लेखी फाइल तीच. दोन पायऱ्यांत करा. आधी गिट एमव्हीने, म्हणजे गिटच्या नाव बदलायच्या कमांडने, ओलावाचं नाव भलतंच काहीतरी ठेवा, मग त्या नावावरून गिट एमव्हीनेच लहान ओवालं नाव करा. मग कमिट, पुश, आणि केंद्रावर पुल.

काट्यावरची_दिग्रस

झालं. उबंटूवर लहान ओ दिसला, सर्व्हिस सुरू झाली. मुद्दाम मेन स्विच एकदा बंद करून पुन्हा लावून पाहिला, तरी आपली आपण उठली. पहिली पावती त्या काकांचीच काढली, जुन्या आकड्यांवर, ९८७.८४० आली. तिच्याबरोबर अकरा रुपये दिले. त्यांनी पावती वाचली, वीस पैसे जास्त आहेत म्हणाले, आणि ते पुढच्या खेपेला देतो म्हणून गेले.